पाय धुता, पण पुसता का?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका सद्गृहस्थांचं पत्र वाचलं, की मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रमाला गेलं की चपला-बुटांच्या स्टँडपाशी नाक धरावं लागतं, आणि आजकालच्या मुलांना साधे पाय धुवायचे पण संस्कार राहिले नाहीत, आईबापांनी लक्ष द्यावं वगैरे. ते वाचल्यापासून मला चैन नाही म्हणून लिहायला बसले. वासाचं म्हणाल तर खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण संस्काराचं जे लिहिलंय ते चुकीचं आहे, आणि त्या एका वाक्यानी किती मुलं मान खाली घालून बसली असतील ते मला माहीत आहे, कारण अशी मुलं मी रोज जेवायला वाढते.

मी इथे इंदूरला लोकमान्य नगरात राहते आणि गेली 14 वर्षं घरातच मेस चालवते. भंवरकुआंच्या कोचिंगची मुलं येतात, बुऱ्हाणपूरची, खंडव्याची, देवासची, एखादा जळगाव-भुसावळकडचा, सगळे आपल्या मराठी घरातले. टेबल-खुर्च्या नाहीत, हॉलमध्ये चटया टाकून पंगत बसते आणि बूट बाहेर जिन्यात. गेल्या पावसाळ्यात एक नवीन मुलगा यायला लागला, नाव लिहीत नाही, अठरा-एकोणीस वर्षांचा, अगदी सालस. तो रोज ताट घेऊन जिन्यात जाऊन बसायचा, काकू आत गरम होतंय म्हणायचा. मला वाटलं लाजरा असेल. एक दिवस इतका पाऊस होता की जिन्यात पाणी वाहायला लागलं, तेव्हा मीच त्याला हाताला धरून आत आणलं. मोजे घालूनच आला तो, कोपऱ्यात बसला, पाय मांडीखाली घेतले आणि वर रुमाल टाकला. दोन मिनिटांत कोणीतरी उठून खिडकी उघडली, कोणी काही बोललं नाही, एक मुलगा फक्त हसला. हा उठून गेला. ताटात वरणभात तसाच, लिंबाची फोड पण पिळलेली नव्हती.

संध्याकाळी त्याला फोन करून बोलावलं आणि समोर बसवून विचारलं, बाळा काय त्रास आहे ते सांग, मी तुझ्या आईच्या जागी आहे. आधी काहीच बोलेना, मग म्हणाला काकू मी दिवसातून पाच वेळा पाय धुतो हो, साबणानी धुतो, तरी लोक मला विचारतात पाय धूत नाहीस का. हे सांगताना त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

आणि तेच सगळ्या दुखण्याचं मूळ होतं. पाच वेळा धुवायचा पण पुसायचा कधी नाही, पाय झटकायचे की लगेच मोजे चढवायचे, मोजे नायलॉनचे, बूट एकच जोड, तोही पावसात भिजलेला, सकाळी सातला घातला की रात्री आठला काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच ओला बूट परत. म्हणजे लोकांनी जितकं टोकलं तितकं त्यानी जास्त धुतलं आणि जितकं धुतलं तितका पाय जास्त भिजत राहिला. आपण सगळ्यांनी मिळून त्याचा त्रास वाढवला, साहेब.

मी म्हणलं पाय दाखव. तळपाय बघून मला धस्सच झालं. कातडी पांढरी फटक आणि सुरकुतलेली, जशी दिवसभर धुणं धुतल्यावर हाताची होते तशी, आणि टाचेवर आणि बोटांच्या खालच्या गादीवर बारीक बारीक खड्डे, टाचणीनं टोचल्यासारखे, काही ठिकाणी एकाला एक लागून नकाशासारखे झालेले. घाण कुठेच नव्हती, नखं कापलेली, पाय लख्ख. त्या आधी तो एका मेडिकलवर गेला होता, तिथे पाय न बघताच फंगस आहे म्हणून एक ट्यूब दिली, तीन औषधं एकत्र असलेली, त्यात स्टेरॉइड पण होतं. दोन महिने लावत होता. कोणत्या मेडिकलचं ते लिहीत नाही कारण हे एका दुकानाचं नाहीच, आपण सगळेच काउंटरवर जाऊन खाजेची ट्यूब द्या म्हणतो. पण हे कळवळून सांगते की स्टेरॉइडवाली ट्यूब डॉक्टरांना न विचारता लावू नका. खाज दोन दिवस थांबते, बरं वाटतं, आणि खरंच गजकर्ण किंवा चिखल्या असतील तर आतल्या आत पसरतात आणि मग महिनोन्महिने जात नाहीत, वर कातडी पातळ होते ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सरकारी दवाखान्यात स्किनच्या ओपीडीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या मिनिटात ओळखलं, म्हणाल्या हे फंगस नाही, याला पिटेड केराटोलायसिस म्हणतात. पाय सतत ओला राहिला की काही जिवाणू कातडीचा वरचा मेलेला थर विरघळवून खातात आणि त्याचेच ते 1 ते 3 मिलिमीटरचे खड्डे, आणि वास पण त्याचाच. पोलिसात, फौजेत, कारखान्यात, जे दिवसभर बूट घालतात त्यांना हे खूप होतं. ट्यूब बंद करायला सांगितली, क्लिंडामायसिनचं लोशन दिवसातून दोनदा लावायला दिलं आणि पाय कोरडे ठेवायचे हे तीनदा बजावलं. चार आठवड्यांत खड्डे भरून आले. कुठलं लोशन ते मी लिहिलं म्हणून कोणी परस्पर विकत घेऊन लावू नका, आधी पाय दाखवा, कारण खड्डे वेगळे, चिखल्या वेगळ्या आणि नुसता घामाचा वास वेगळा, तिघांचं औषध वेगळं आहे. चिखल्या म्हणजे करंगळीच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सुटते आणि खाज येते, ती बुरशी, तिला क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनसारखं बुरशीचं मलम लागतं आणि ते खाज गेल्यावर लगेच सोडायचं नसतं, डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरं लावायचं.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आणि डॉक्टर भेटले की विचारते, म्हणून थोडं सांगते. आपल्या दोन्ही पायांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घामाच्या ग्रंथी असतात, अंगावर सगळ्यात दाट जिथे असतात त्यातली एक जागा म्हणजे तळपाय. या घामाला स्वतःचा वास नसतो, ते बहुतेक पाणी आणि मीठच. वास कधी येतो, तर बंद बुटात तो घाम वाळत नाही, कातडी भिजून मऊ पडते आणि आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर कायम राहणारे जिवाणू ती मेलेली कातडी आणि घामातली द्रव्यं खायला लागतात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं आणि तो जो आंबूस उग्र वास येतो तो त्याचा. काही परदेशी चीजना तसाच वास असतो ना, तो उगाच नाही, तिथे पण त्याच जातकुळीचे जिवाणू काम करतात. म्हणजे चप्पल घालणाऱ्याच्या पायाला पण घाम येतोच, पण वारा लागून वाळतो, म्हणून वास नाही. आपल्या आज्या-पणज्या अनवाणी नाहीतर वहाणा घालून वावरल्या, त्यांनी आपल्याला शिकवलं बाहेरून आलं की आधी पाय धू, ते बरोबरच होतं, पण तेव्हा पाय धुवून कोणी लगेच नायलॉनच्या मोज्यात आणि रबराच्या बुटात कोंबत नव्हतं.

अजून एक गोष्ट जी आईबापांनी समजून घ्यायला पाहिजे. बाकी अंगाला घाम मुख्यतः गरमीनी येतो पण तळहात आणि तळपायाला घाम टेन्शननी पण सुटतो, थंडीत सुद्धा. परीक्षेच्या आधी पेन हातातून निसटतं तेव्हा पायाचं पण तेच होत असतं, फक्त दिसत नाही. त्यात हे वय हार्मोन्सचं. म्हणजे जो मुलगा घरापासून लांब, नीट आणि जेईईच्या टेन्शनमध्ये, एका बुटात तेरा तास बसलाय, त्याच्या पायाला वास येणार नाही तर कोणाच्या येणार. आणि त्याला आपण चारचौघांत बोललो की टेन्शन वाढतं आणि घाम अजून.

आता आम्ही काय केलं ते सांगते. पाय रात्री एकदा आणि सकाळी एकदा साबणानी धुवायचे, बोटांच्या बेचक्यात साबण फिरवायचा आणि मग वेगळा पंचा घेऊन एकेक बेचकं पुसायचं, त्यानंतर पाच मिनिटं पंख्याखाली पाय मोकळे ठेवायचे, तोपर्यंत मोजे हातात घ्यायचे नाहीत. ही पाच मिनिटं म्हणजे अर्धं औषध आहे. कातडी चांगली असेल तर आठवड्यातून एक-दोनदा वज्रीनी टाचा हलक्या हातानी घासायच्या म्हणजे मेलेली कातडी निघते, जिवाणूंना खायलाच मिळत नाही. दुसरा बूट घ्यायला त्याच्याकडे लगेच पैसे नव्हते, मी माझ्या मुलाचा जुना दिला, कारण बूट आतून वाळायला पुरे 24 तास लागतात, कधी जास्त, एक जोड रोज घातला तर तो कधीच वाळत नाही. घरी आलं की आतली गादी काढून वेगळी ठेवायची आणि बुटात पेपरचे बोळे भरायचे, तासा दोन तासांनी ओले बोळे काढून कोरडे भरायचे, इतकं पाणी ओढतो पेपर की विश्वास बसत नाही, सकाळी ऊन असेल तर गच्चीत उलटे करून ठेवायचे. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा बंद कपाटात टाकू नका, तिथे वास मुरतो. रात्री बुटात चमचाभर खायचा सोडा टाकून सकाळी झटकला तरी फरक पडतो.

मोजे रोज धुतलेलेच. नायलॉनपेक्षा सुती बरे, पण सुती मोजा घाम पितो आणि मग ओलाच पायाला चिकटून बसतो हे पण लक्षात ठेवा, म्हणून बॅगेत एक कोरडा जोड ठेवून दुपारी जेवणाच्या वेळी बदलायचा, ओला वेगळ्या पिशवीत. धुताना मोजा उलटा करून धुवा, कातडीचे कण आतल्या बाजूला असतात. गार पाण्यात नुसता खळबळून जिवाणू मरत नाहीत, आम्ही गरम पाण्यात भिजत घालतो, मशीनला 60 डिग्रीचं बटण असेल तर ते लावा.

घरगुतीमध्ये तुरटी चांगली. कोरडा पाय जरा ओला करून तुरटीचा खडा तळपायावर फिरवायचा आणि तसाच वाळू द्यायचा, घाम थोडा आवरतो, ती अ‍ॅल्युमिनियमचंच मीठ आहे. कडक कोरा चहा करून गार करून त्यात रोज वीस-पंचवीस मिनिटं पाय बुडवायचे हे पण करून बघितलं, चहातल्या टॅनिननी कातडी जरा आवळते, आठवडाभर केलं तर समजतं. एक वाटी व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी, तेही चालतं, पण भेगा किंवा जखम असेल तर नको, फार आग होते. सेंट आणि स्प्रे मारून काही होत नाही, वासावर वास बसतो आणि अजून कसंतरी होतं. पावडर कोरड्या पायावर थोडी ठीक, ओल्यावर मारली तर कणीक मळल्यासारखं होतं, हा मुलगा तेच करत होता.

एवढं करून ज्याचा घाम थांबतच नाही, बूट काढला की फरशीवर ओली पावलं उमटतात, त्यांनी लाजू नका, त्याला पण उपाय आहेत. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन मिळतं, रात्री झोपताना पूर्ण कोरड्या पायाला लावायचं आणि सकाळी धुवायचं, कातडी चुरचुरली तर रोज न लावता एकाआड एक दिवस. त्याच्या पुढे पाण्याच्या ट्रेमध्ये पाय ठेवून हलका करंट देतात तो उपचार आहे, बोटॉक्सची इंजेक्शनं पण देतात पण ती महाग आणि तळपायाला दुखतात. कधी थायरॉइड वाढल्यानं पण घाम वाढतो, ते तपासून घ्यावं.

आणि घरात शुगरवाले कोणी असतील तर वरचं काही करायच्या आधी हे वाचा. माझ्या मोठ्या दिरांना शुगर आहे. त्यांच्या पायाला वास येतो म्हणून आम्ही महिनाभर बुटाला दोष देत बसलो, नवीन बूट आणले, आणि एक दिवस पाय धुताना जावेला दिसलं की अंगठ्याच्या खाली जखम आहे आणि त्यात पू झालाय. त्यांना काही दुखलंच नव्हतं, कारण शुगरनी पायाच्या नसा बधिर होतात. बोट वाचलं, पण दोन महिने ड्रेसिंग चाललं. शुगरवाल्यांनी रोज रात्री तळपाय आरशात बघायचा किंवा कोणाला तरी दाखवायचा, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत कारण भाजलेलं कळत नाही, वज्री-दगड घासायचा नाही, आणि अचानक वास यायला लागला, तोही एकाच पायाला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

साहेब, आता माझी मागणी. 2017 ते 2023 आपलं इंदूर स्वच्छतेत देशात सलग सात वेळा पहिलं आलं, 2023 ला सुरतच्या बरोबरीनं, मला त्याचा खूप अभिमान आहे, सकाळी पिवळी गाडी आली की लहान पोर सुद्धा ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा देतं. मग शाळांना हे का समजत नाही की मुलाचा ओला पाय आणि ओला बूट सहा तास एकत्र बांधून ठेवला तर काय होईल. भर पावसात काळे बूट आणि वर गुडघ्यापर्यंत मोजे सक्तीचे, रिक्षातून उतरेपर्यंतच ते भिजलेले असतात, आणि सँडल घालून आलं की प्रार्थनेला रांगेबाहेर उभं करतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने मुलांना मागून पट्टा असलेले सँडल घालू द्या, त्यानी शिस्त कुठे जाणार आहे? कोचिंगवाल्यांनी क्लासच्या बाहेर बूट काढायला रॅक ठेवावा, मुलांचे पाय दिवसातून तासभर तरी मोकळे राहतील. आणि पीथमपूरच्या कारखान्यांत जे लोक सेफ्टी शूज घालून आठ-आठ, बारा-बारा तास उभे असतात त्यांना बूट काढा म्हणता येत नाही, ते जिवाच्या सेफ्टीसाठी आहेत, पण कंपनीनी एका जोडाच्या ऐवजी दोन द्यावे, एक दिवस हा एक दिवस तो. माझा भाऊ तिथूनच रिटायर झाला, त्याच्या बुटांना आम्ही सगळे नाक मुरडायचो, त्याला तेव्हा किती वाईट वाटत असेल हे मला आता या वयात कळतंय.

पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांवर माझा राग नाही, हॉलमध्ये वास येतो तो मलाही येतो. पण मंडळाच्या स्टँडजवळ नळ आहे, पाय धुवायची सोय आहे, पुसायची नाही. मुलं ओल्या पायानी सतरंजीवर येतात आणि कार्यक्रम संपला की ओल्याच पायात बूट चढवतात. गणपती जवळ आलेत, दहा दिवस रोज आरतीला गर्दी होईल. त्या आधी तिथे बसायला एक बाक आणि बुटांचा स्टँड आतल्या बंद खोलीतून काढून व्हरांड्यात वाऱ्याला, एवढं करा. पायपुसणी मी शिवून देते, जुन्या सुती चादरी आहेत माझ्याकडे, वीस तरी होतील, रोज संध्याकाळी ओली घेऊन जाईन आणि धुवून वाळवून आणून देईन. तो मुलगा यंदा पण माझ्याकडेच जेवतो, तो म्हणाला काकू न्यायला-आणायला मी येतो.

आपली नियमित वाचक,
एक मेसवाली काकू
लोकमान्य नगर, इंदूर